वर्तमानपत्राचं कव्हर घातलेला लेखक : जेम्स हॅडली चेस

रद्दीमित्र (शनिवार, रात्री १०:४०)

माळा आवरायला घेतला होता. घरून मिळालेली मुदत रविवार संध्याकाळची, आणि मी शनिवारी दुपारी तिसऱ्याच खोक्यापाशी फतकल मारून बसलो. कारण खोक्यात गुन्हेकथा लिहिणारा चेस निघाला. मोजून अकरा पुस्तकं, सगळ्यांना वर्तमानपत्राची कव्हरं, आणि एकावर माझ्याच अक्षरात 'अर्थशास्त्र, प्रथम वर्ष'. माझ्या पिढीला या कव्हरांचं कारण सांगायला नको. नव्यांसाठी सांगतो. कॉर्गी प्रकाशनाच्या त्या आवृत्त्यांच्या मुखपृष्ठावर हटकून एखादी अर्धवट कपड्यातली बाई आणि जोडीला पिस्तूल, नोटा नाहीतर दारूचा ग्लास असायचा. आत मात्र त्या चित्राइतकं काहीच नसे. पण हे आईला कोण पटवून देणार? म्हणून कव्हर.

तर दुपारभर वाचत बसलो आणि रात्री वाटलं, या माणसावर एक धागा व्हायला हवा. आपल्याकडे त्याचं नाव सगळ्यांना माहीत, पण माणूस कोणालाच नाही.

पहिली गोष्ट म्हणजे तो अमेरिकन नव्हता. मी कॉलेज संपेपर्यंत त्याला अमेरिकनच समजत होतो. हा पक्का इंग्रज. जन्म लंडनचा, २४ डिसेंबर १९०६. खरं नाव रेने लॉज ब्रॅबझन रेमंड. वडील ब्रिटिशांच्या हिंदी लष्करात कर्नल आणि पेशाने जनावरांचे डॉक्टर. पोराने विज्ञानाकडे जावं अशी त्यांची इच्छा. रॉचेस्टरच्या किंग्ज स्कूलमध्ये शिकला, पुढे काही शिक्षण कलकत्त्यालाही झालं. अठराव्या वर्षी घर सोडलं आणि दारोदार फिरून मुलांचे ज्ञानकोश विकू लागला.

आता इथे जरा थांबतो, कारण माझ्या मते चेसची सगळी किल्ली इथेच आहे. दारोदार ज्ञानकोश विकणाऱ्या माणसाला काय येत असलं पाहिजे? दार अर्धवट उघडतं, समोरच्याच्या हातात अजून कडी असते आणि तुमच्याकडे एकच वाक्य असतं. ते फसलं की दार बंद. चेसची कुठलीही कादंबरी उघडा, पहिल्या पानावर तो तेच करतो. हवापाण्याचं वर्णन नाही, घराण्याचा इतिहास नाही, थेट पाय दारात. एकदा आत शिरला की तुम्ही दीडशे पानं खाली ठेवत नाही, आणि पुस्तक संपल्यावर कळतं की आपल्याला हे नको होतं. पण तोवर पावती फाडून झालेली असते.

पुढे तो पुस्तकांच्या घाऊक व्यापारात शिरला. म्हणजे कोणतं पुस्तक गठ्ठ्याने जातं आणि कोणतं धूळ खातं, हे त्याने गोदामात उभं राहून पाहिलं. १९३२ मध्ये सिल्व्हिया रे हिच्याशी लग्न झालं, एक मुलगा झाला. त्या काळात अमेरिकन गुंडांच्या कथांना इंग्लंडमध्ये गिऱ्हाईक होतं आणि माल कमी पडत होता. याने अमेरिका पाहिलेली नव्हती. त्याने काय करावं? अमेरिकन बोलीचा एक शब्दकोश घेतला, नकाशे घेतले आणि सहा शनिवार-रविवारांत 'नो ऑर्किड्स फॉर मिस ब्लँडिश' लिहून मोकळा झाला. १९३९ मध्ये जॅरल्ड्सने ती छापली. पाठोपाठ महायुद्ध. लंडनवर बाँब पडत होते त्याच दिवसांत ही कादंबरी सगळ्यात जास्त वाचली गेली. खप पाच लाखांच्या वर. १९४२ मध्ये नाटक आलं, १९४८ मध्ये सिनेमा.

युद्धात तो हवाई दलात होता, स्क्वॉड्रन लीडरपर्यंत चढला. तिथे डेव्हिड लँग्डन या व्यंगचित्रकाराबरोबर दलाचं नियतकालिकही चालवलं. दिवसा गणवेश आणि रात्री गुंड.

मग चाळीसेक वर्षं थांबलाच नाही. नव्वदच्या आसपास पुस्तकं, म्हणजे सरासरी वर्षाला दोन. चेस या नावाने, रेमंड मार्शल या नावाने, एकेकदा जेम्स डॉकर्टी आणि अँब्रोज ग्रँट या नावांनीही. १९५६ मध्ये फ्रान्सला गेला, १९६९ मध्ये स्वित्झर्लंडला. १९७४ पासून जिनिव्हाच्या सरोवराकाठी कॉर्सो या गावी. मुलाखतींच्या वाटेला फारसा गेला नाही. फोटोग्राफी, शास्त्रीय संगीत, ऑपेरा आणि मेकॅनो. होय, तेच नटबोल्टचं मुलांचं खेळणं. ६ फेब्रुवारी १९८५ ला तिथेच गेला.

अमेरिकेला पुढे मायामी, न्यू ऑर्लीन्स अशा थोड्या फेऱ्या झाल्या म्हणतात. बाकी सगळी अमेरिका टेबलावर. आणि ती वाचणारे आपण, ज्यांनी ना अमेरिका पाहिली होती ना इंग्लंड. मला त्याच्या कादंबऱ्यांतली फ्लोरिडाची पॅरडाइज सिटी पाठ होती. हे शहर नकाशावर नाहीच हे कळलं तेव्हा मी तिशी ओलांडली होती.

एक विनंती. अकरापैकी 'टायगर बाय द टेल'ची शेवटची पानं वाळवीने खाल्ली आहेत. दुपारपासून जीव टांगणीला लागलाय. कोणाकडे आहे का?

---

खवचट खंडू (शनिवार, रात्री ११:१५)

छान लिहिलंय, पण सोवळं नेसवू नका राव त्याला. 'मिस ब्लँडिश'चा सांगाडा अमेरिकन कादंबरीकार फॉकनरच्या १९३१ च्या 'सँक्च्युअरी'शी किती जुळतो ते पाहा. पळवून नेलेली श्रीमंताची मुलगी, नपुंसक आणि विकृत खुनी, सगळं तिथलंच. हे मी म्हणत नाही, जॉर्ज ऑरवेलने १९४४ मध्ये म्हणून ठेवलंय. अमेरिकन गुप्तहेरकथा लिहिणाऱ्या रेमंड चँडलरचं प्रकरण तर त्याहून उघड. रेमंड मार्शल नावाने आलेल्या 'ब्लाँड्स रिक्विएम'मध्ये चँडलरच्या ओळीच्या ओळी सापडल्या. शेवटी चेसला 'द बुकसेलर' या व्यापारी साप्ताहिकात जाहीर माफी मागावी लागली. ज्या धंद्यात उमेदवारी केली त्याच धंद्याच्या पत्रात! तुमच्या विक्रेत्याने दुसऱ्याच्या दुकानातला माल आपल्या पिशवीत घातला होता, एवढंच.

---

रद्दीमित्र (शनिवार, रात्री ११:५०)

खंडूशेठ, मान्य. माफीचं प्रकरण मला माहीत होतं आणि मी ते सोयीस्करपणे गाळलं. माळ्यावरच्या मायेपोटी.

पण ऑरवेलचा तो लेख पूर्ण वाचलात तर गंमत दिसेल. त्याला पुस्तकाची शिसारी येते. ही सत्तेची पूजा आहे, चांगलं-वाईट इथे उरलेलंच नाही, असं तो बजावतो. त्याच दमात हेही कबूल करतो की लिखाण झकास आहे, एक शब्द वाया गेलेला नाही. शिव्या घालतानाही कारागिराला दाद द्यावी लागली. या इंग्रजाने मनाने पूर्ण अमेरिकेत मुक्काम हलवलाय, हेही त्यानेच नोंदवलं.

---

गंगेकाठचा (रविवार, सकाळी ७:०५)

अवांतर, पण राहवत नाही. ऑरवेल जन्मला बिहारमधल्या मोतिहारीत, १९०३ साली. वडील सरकारच्या अफू खात्यात. आणि चेसचे वडील हिंदी लष्करात घोडे तपासणारे. म्हणजे हिंदुस्थानच्या पगारावर वाढलेली दोन साहेबांची पोरं, आणि त्यातलं एक दुसऱ्याला सांगतंय की तुझ्या पुस्तकात नीती नाही! चालू द्या.

---

निवृत्त विमाधिकारी (रविवार, सकाळी ९:२०)

नमस्कार मंडळी. पस्तीस वर्षं आयुर्विम्याच्या दावे विभागात काढली, त्यामुळे या लेखकाशी माझं वेगळंच नातं आहे.

इतर रहस्यकथांत खुनाचा तपास पोलीस करतो किंवा खासगी गुप्तहेर. चेसने ते काम विमा कंपनीला दिलं. त्याची 'नॅशनल फिडेलिटी' नावाची कंपनी आहे. तिथला दावे विभागाचा प्रमुख मॅडॉक्स, आणि हाताखाली तपासनीस स्टीव्ह हार्मस. हा मॅडॉक्स कागद नुसता हुंगतो आणि दावा खोटा आहे म्हणतो. माझे पहिले साहेब थेट असे होते. दाव्याचा अर्ज डोळ्यांपासून लांब धरायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "याला वास येतोय, परत पाठव."

'देअर्स ऑलवेज अ प्राइस टॅग' (१९५६) आमच्या खात्यात हातोहात फिरलं होतं. ज्यांनी वाचलं नाही त्यांनी पुढची चार वाक्यं गाळा. हॉलिवूडचा एक दारुडा निर्माता स्वतःवर गोळी झाडून घेतो. त्याचा साडेसात लाख डॉलरचा विमा आहे, पण आत्महत्या केली तर दमडी मिळणार नाही. मग बायको आणि ड्रायव्हर मिळून आत्महत्येचा खून दाखवायचा बेत करतात आणि प्रेत घरच्या डीप-फ्रीजमध्ये ठेवतात. म्हणजे सगळं जग खुनाची आत्महत्या दाखवायला धडपडतं आणि हा माणूस गणितच उलटं मांडतो! खून झालेलाच नाही, आणि तरी ती दोघं दर पानाला खुन्यासारखी घामेजतात.

आपल्याकडेही पॉलिसी घेतल्यापासून बारा महिन्यांच्या आत आत्महत्या झाली तर पूर्ण रक्कम मिळत नाही, हे तुम्हाला माहीत असेल. आम्ही नव्या मुलांना ते कलम समजावताना हीच गोष्ट सांगायचो. नियमावलीपेक्षा लवकर डोक्यात शिरायची.

रद्दीमित्र, तुमचा फिरत्या विक्रेत्याचा मुद्दा पटला. त्यात भर घालतो. त्याचे नायकही तसेच आहेत. बँकेतला कारकून, ड्रायव्हर, सैन्यातून सुटून आलेला बेकार, विक्रेता. दरोडा हा त्यांचा धंदा नाही. आयुष्यात एकदाच, एकाच गोष्टीची हाव सुटते. आणि बेत फसतो तोही बहाद्दर पोलिसामुळे नाही, फालतू गोष्टीमुळे. कोणीतरी अवेळी दूध टाकायला येतं, असलं काहीतरी.

---

सई मावळकर (रविवार, सकाळी ११:३२)

मी इथली एकटीच बाई दिसतेय, तर माझंही ऐका.

आमच्या घरी चेस दादाच्या उशीखाली असायचा आणि दादा कामावर गेला की माझ्या उशीखाली. सतराव्या वर्षी धडाधड वाचला. मग चाळिशीत 'मिस ब्लँडिश' पुन्हा हातात घेतलं आणि एक गोष्ट अशी बोचली की पुस्तक मिटून टाकलं. त्या मुलीला नावच नाही. पुस्तक तिच्या नावाने, अख्खी गोष्ट तिला पळवून नेण्याची, तिचे हाल वाचूनच पाच लाख प्रती खपल्या. आणि शेवटपर्यंत ती नुसती मिस ब्लँडिश. बापाचं आडनाव आणि खंडणीची रक्कम, एवढीच तिची ओळख. तिला पळवणाऱ्या ग्रिसन टोळीतल्या प्रत्येक फालतू गुंडाला नाव आहे, बरं का.

पुढच्या भागात, म्हणजे १९४८ च्या 'द फ्लेश ऑफ द ऑर्किड'मध्ये, तिच्या मुलीला मात्र कॅरल हे नाव मिळालं. लेखकालाही कुठेतरी टोचलं असावं, असं मला उगाचच वाटतं.

आणखी एक. त्याच्या कादंबरीत बाई दिसली की समजावं, आता नायकाचं वाटोळं. ती सुंदर असते, तिला पैसा हवा असतो आणि ती खोटं बोलते. हाव नायकालाही असते की! पण त्याची हाव म्हणजे नशिबाचा खेळ आणि तिची म्हणजे स्वभाव. निवृत्त काका, तुमच्या त्या फ्रीजवाल्या गोष्टीतही ड्रायव्हरची कीव येते, बायकोची येते का?

अपवाद एकच सांगेन, हेल्गा रोल्फ. 'अ‍ॅन एस अप माय स्लीव्ह'पासून तीन पुस्तकांत आहे. अब्जाधीशाची बायको, नंतर विधवा. चाळिशीची, हुशार, व्यवहारात पुरुषांना विकून खाईल अशी आणि आतून एकटी. तिच्याबाबतीत चेस जरा थांबतो, तिच्या डोक्यात डोकावतो. म्हणजे येत होतं त्याला. केलं नाही.

---

रद्दीमित्र (रविवार, दुपारी १२:१०)

सईताई, नावाचा मुद्दा मी इतक्या वर्षांत कधी पाहिलाच नाही. आता पुस्तक उघडून बसलोय आणि खरंच सापडत नाहीये. कव्हर घालून लपवायला हवं होतं ते चित्र नव्हे, आतलंच, असं वाटायला लागलंय.

एक माहिती त्यात जोडतो. आपण सगळ्यांनी बहुधा वाचलंय ते मूळ 'मिस ब्लँडिश' नव्हेच. १९६१ च्या सुमारास त्याने ते पुन्हा लिहून काढलं, कारण १९३९ ची दुनिया नव्या वाचकाला जुनाट वाटेल अशी त्याला धास्ती होती. घाऊक व्यापारी शेवटी! जुना माल झटकून नव्या वेष्टनात. ऑरवेलने वाचलं ते पुस्तक वेगळं आणि आपल्या उशीखालचं वेगळं.

---

खवचट खंडू (रविवार, दुपारी १२:२५)

आणि कोर्टाचं विसरलात. 'मिस कॅलॅगन कम्स टू ग्रीफ'वर अश्लीलतेचा खटला झाला, १९४२ मध्ये लेखक आणि प्रकाशक दोघांना शंभर-शंभर पौंड दंड. त्याच्या बाजूने बोलायला एच. ई. बेट्स आणि जॉन बेट्जमनसारखे साहित्यिक उभे राहिले होते. तरी दंड झालाच. सईताई, तुम्ही तेव्हा न्यायाधीश असता तर?

---

सई मावळकर (रविवार, दुपारी १२:४०)

दंड केला नसता. वाचकांना पुस्तक वाचून मिटू द्यावं, या मताची मी आहे. पण शंभर पौंड त्या बिनानावाच्या मुलीला द्यायला लावले असते.

---

लागोसरिटर्न (रविवार, दुपारी ३:०२)

मी १९८२ ते ८६ नायजेरियात होतो, लागोसला, एका कापड गिरणीत. पहिल्या आठवड्यात एकटेपणाने जीव नकोसा झाला होता. तिथे वाहनांच्या कोंडीला 'गो-स्लो' म्हणतात. गाडी तासतासभर हलत नाही आणि पोरं गाड्यांच्या मधून काहीबाही विकत फिरतात. घड्याळं, केळ्यांचे वेफर, पाण्याच्या पिशव्या. एका पोराच्या हातात पुस्तकांची चळत, सगळ्यात वर चेस! तेच कॉर्गीचं मुखपृष्ठ. मला एकदम दादर स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर आल्यासारखं वाटलं.

नंतर कळलं की आपल्यापेक्षा तिथे त्याचं वेड जास्त. शाळकरी मुलं पुस्तकं अदलाबदल करायची. आमच्या खात्यातला एक सुपरवायझर बोलता बोलता चेसची शीर्षकं म्हणींसारखी वापरायचा. यंत्र बंद पडलं की उसासा टाकून म्हणायचा, "साहेब, दॅट इज द वे द कुकी क्रम्बल्स." त्याच्याकडून मी सतरा पुस्तकं घेतली आणि त्याला जाताना माझी सगळी देऊन आलो.

इंग्लंड-अमेरिकेत आता त्याचं नाव काढलं तर लोक भुवया उंचावतात. भारत, आफ्रिका, फ्रान्स, रशिया इथे मात्र तो जिवंत आहे. याचं कारण मला वाटतं ते असं की त्याचं इंग्रजी आमच्यासारख्यांना झेपायचं. छोटी वाक्यं, रोजचे शब्द, आणि अडलं तरी गोष्ट थांबत नाही. माझं इंग्रजी शाळेने नाही, त्यानेच सुधारलं. मुलाखतीत हे सांगता येत नव्हतं एवढंच.

---

पॅरिसकर जोशी (रविवार, संध्याकाळी ५:१८)

फ्रान्सचं नाव निघालं म्हणून. इथे मार्सेल ड्यूहामेलने १९४५ मध्ये 'सेरी न्वार' ही काळ्या कव्हरांची मालिका काढली, तिची पहिली दोन पुस्तकं पीटर चेनी या इंग्रज रहस्यकथाकाराची आणि तिसरं 'मिस ब्लँडिश'. त्यामुळे इथे चेस फुटपाथवर नसतो, नीट कपाटात असतो. सिनेमावाल्यांनीही त्याला मान दिला. जोसेफ लोझीने 'ईव्ह'वर जान मोरोला घेऊन चित्रपट केला (१९६२), पात्रिस शेरोने १९७५ मध्ये 'फ्लेश ऑफ द ऑर्किड'. तेच पुस्तक, तोच मजकूर. काळं कव्हर घातलं की साहित्य आणि बाईचं चित्र घातलं की चावट. रद्दीमित्र, तुमचं वर्तमानपत्राचं कव्हर दोन्हींच्या मध्ये बसतं.

---

थेटरातला बाल्कनीवाला (रविवार, संध्याकाळी ६:४५)

आपल्याकडे केतन मेहतांचा 'आर या पार' (१९९७) 'द सकर पंच'वरून. पैशासाठी बायको आणि मग तिच्यापासून सुटका, वगैरे. 'महारथी' (२००८) म्हणजे वर काकांनी सांगितलेली फ्रीजवाली गोष्ट, गुजराती नाटकाच्या वाटेने आलेली. परेश रावल आणि नसीरुद्दीन शाह समोरासमोर, अजून काय पाहिजे?

१९४८ च्या मूळ इंग्लिश 'मिस ब्लँडिश' सिनेमाच्या वाटेला मात्र जाऊ नका. लंडनमध्ये उभं केलेलं न्यूयॉर्क आणि इंग्रज नट अमेरिकन हेल काढतायत. सावंतवाडीच्या माणसाला वऱ्हाडी बोलायला लावावं तसं. त्या वेळच्या टीकाकारांनी त्याची यथेच्छ धुलाई केली होती.

---

तिरपागडा (रविवार, संध्याकाळी ७:३०)

लागोसच्या सुपरवायझरवरून सुचलं. चेसची शीर्षकं म्हणजे अर्धे वाक्प्रचारच. मराठी आवृत्त्या काढायच्या झाल्या तर? मी सुरुवात करतो :

'टायगर बाय द टेल' : धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय
'आय वुड रादर स्टे पुअर' : आपली मीठभाकर बरी

---

सई मावळकर (रविवार, संध्याकाळी ७:३६)

'व्हॉट्स बेटर दॅन मनी' : दाम करी काम

---

लागोसरिटर्न (रविवार, संध्याकाळी ७:४१)

'द वे द कुकी क्रम्बल्स' : आलिया भोगासी

---

निवृत्त विमाधिकारी (रविवार, संध्याकाळी ७:५५)

'लाइक अ होल इन द हेड' : विकतचं दुखणं. यातला सैन्यातला निवृत्त नेमबाज बायकोबरोबर नेमबाजीची शाळा चालवत सुखात असतो आणि पैशाच्या आशेने एका गुंडाच्या पोराला नऊ दिवसांत नेमबाज बनवायचं काम अंगावर घेतो. दुखणं अक्षरशः विकत घेतो.

---

खवचट खंडू (रविवार, रात्री ८:०२)

'ब्लाँड्स रिक्विएम' : उसनवारीचं तेरावं

---

तिरपागडा (रविवार, रात्री ८:०४)

खंडूशेठ =)) टोपी काढली. 'द व्हल्चर इज अ पेशंट बर्ड'ला मात्र म्हण सापडत नाहीये. 'गिधाडाला घाई नसते' असं सरळच ठेवू. त्यातली ती विषारी बोर्जिया अंगठी मला अजून स्वप्नात येते.

---

काळापहाडप्रेमी (रविवार, रात्री ९:१०)

आकड्यांचं एवढं कौतुक चाललंय म्हणून. नव्वद कादंबऱ्या? आमच्या बाबूराव अर्नाळकरांनी हजाराचा पल्ला ओलांडला होता. काळा पहाड आणि झुंजार हे काही फ्लोरिडातून यायचे नाहीत, गिरगावातून टॅक्सी पकडायचे. चेसने अमेरिका पाहिली नव्हती म्हणून त्याला कल्पक म्हणायचं आणि बाबूरावांनी मुंबईच रंगवली म्हणून त्यांना बाळबोध. हा काय न्याय?

---

रद्दीमित्र (रविवार, रात्री ९:३५)

काळापहाडप्रेमी, भांडण नाही. पण फरक सांगतो. अर्नाळकरांच्या जगात शेवटी काळा पहाड येतो आणि सगळं सरळ होतं. दहाव्या वर्षी मला तेच हवं होतं. चेसच्या जगात येणारं कोणी नाही. वाचवायला येईल असं वाटलं तो विम्याचा माणूस निघतो. अठराव्या वर्षी नोकरी नाही, खिशात बसपुरते पैसे आणि समोर रांगेत आपल्यासारखेच चारशे उमेदवार, तेव्हा हे दुसरं जग जास्त ओळखीचं वाटायचं. कारकुनाला एकदाच, फक्त एकदाच घबाड मिळेल असं वाटतं, मिळतंही, आणि मग हातातून जातं. मी तिसऱ्या वर्षी बँकेच्या परीक्षेला बसलो तेव्हा डोक्यात 'टायगर बाय द टेल'चा केन हॉलंडच होता. सरळमार्गी बँक कारकून, बायको माहेरी गेलेली, आणि एका संध्याकाळी पाय घसरतो. ती बाई त्याच रात्री खून होऊन पडते आणि हा तिच्या फ्लॅटमध्ये अंधारात उभा. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा बायको माहेरी गेली तेव्हा मी मुकाट्याने खिचडी लावून नऊला झोपलो होतो. चेसचे उपकार.

अजून एक, खंडूशेठसाठी. १९४६ मध्ये अँब्रोज ग्रँट नावाने लिहिलेल्या 'मोअर डेडली दॅन द मेल'ची पाठराखण ग्रॅहम ग्रीनसारख्या नामवंत इंग्रज कादंबरीकाराने केली होती. पुढे ग्रीन १९९१ मध्ये गेला तोही त्याच सरोवराकाठी, आणि त्याची कबर कॉर्सोलाच आहे. उसनवारीवाल्या माणसाचा शेजार ग्रीनला चालला.

मुदत संपली. खोकी खाली उतरवली आहेत. चेसचा निर्णय घरच्या कोर्टात प्रलंबित.

---

खवचट खंडू (रविवार, रात्री ९:५२)

ग्रीनचा दाखला दिलात म्हणजे वकिली संपलीच. जाऊ द्या. माझ्याकडे 'टायगर बाय द टेल' आहे, १९७० च्या दशकातली प्रत, एकही पान न खाल्लेलं. शेवट इथे लिहू की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू?

---

निवृत्त विमाधिकारी (रविवार, रात्री ९:५४)

इथे नको! माझं वाचायचं राहिलंय.

---

सई मावळकर (रविवार, रात्री ९:५५)

इथे नको +१. आणि खंडूशेठ, ज्या लेखकाला चोर म्हणता त्याची प्रत पन्नास वर्षं वाळवीपासून जपली आहेत, याची नोंद घेतली आहे.

---

खवचट खंडू (रविवार, रात्री १०:०३)

पुरावा म्हणून जपली आहे. रद्दीमित्र, व्यनि पाहा. शेवटच्या आठ पानांचे फोटो टाकलेत.

---

रद्दीमित्र (रविवार, रात्री ११:२०)

मिळाले. वाचले. कोणाला सांगत नाही.

फोटोत एका पानाच्या कोपऱ्यात कव्हर दिसतंय, खंडूशेठ. १९७८ च्या पेपरचं आहे, आणि त्यावर तुमच्या अक्षरात 'भौतिकशास्त्र प्रात्यक्षिक' लिहिलंय.